काळ्या जर्सीची किनार

मंगळवारी सकाळी ट्रेव्हर हेग छापखान्यातून थेट आयव्ही स्पिंकच्या दारात आला. हेसलबीच्या रग्बी लीग क्लबचा तो सेक्रेटरी. वय साठीला टेकलेलं, पण आनंद झाला की अजूनही त्याला एका पायरीवर स्वस्थ उभं राहवत नसे.

“आयव्ही आंटी, आधी चष्मा लावा. आता चौथं पान उघडा.”

शनिवारच्या सामन्याची ती छापील पुस्तिका होती. न्यूझीलंडचा पहिला संघ बोटीनं इंग्लंडला आला त्याला शंभर वर्षं झाली होती. त्या आठवणीसाठी त्यांचा आताचा संघ जुन्या वाटेनं गावोगाव खेळत येत होता, आणि पहिल्या दौऱ्यात हेसलबीला सामना झाला होता म्हणून याही वेळी आमचं खाणीचं गाव यादीत होतं. हे सगळं गावाला तोंडपाठ होतं. आयव्हीची नजर अडकली ती खालच्या चौकटीत. ‘नाणेफेकीआधी श्रीमती आयव्ही स्पिंक या, आपले दिवंगत पती क्लेम स्पिंक यांना १९५५ च्या दौऱ्यात मिळालेली न्यूझीलंडची मूळ काळी जर्सी मैदानात घेऊन येतील.’

“छापलंससुद्धा?”

“दोन हजार प्रती! तुम्हीच म्हणालात ना, ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय?”

“म्हणाले होते खरी.”

“मग झालं तर! इस्त्री तेवढी जपून करा. बावन्न वर्षांचं कापड आहे.”

तो गेल्यावर आयव्ही जिना चढून वरच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या ज्या बाजूला क्लेम झोपायचा तिथं बसली. ट्रंक होती कोपऱ्यात. तिच्यात लेकीचे, जीनचे, लहानपणचे कपडे होते, एक फुटका शंख होता आणि डांबराच्या गोळ्याही होत्या. जर्सी मात्र आयव्हीच्या पायांखाली होती. चिंध्यांच्या जाजमाची चारी बाजूंची काळी किनार म्हणजे ती जर्सी.

त्या वर्षी नोव्हेंबरात अशी थंडी पडली होती की स्वयंपाकघरातल्या फरशीवरून ओलं फडकं फिरवलं तर मागे बर्फाची साय धरायची. जीन पोटात होती, आठवा महिना. नाताळला शेगडीसमोर नवीन जाजम घालायचं, गेल्या वर्षीचं स्वयंपाकघरात न्यायचं, त्याच्याआधीचं कोळशाच्या खोलीत आणि शेवटी उरेल ते कुत्र्याला, अशी सगळ्या हेसलबीची रीत. गोणपाट लाकडी चौकटीवर ताणायचं आणि जुन्या कपड्यांच्या बोटभर चिंध्या टोच्यानं एकेक करून त्यात खोचायच्या. राखाडी, तपकिरी, निळं हवं तेवढं मिळायचं. अडायचं ते काळ्यापाशी. किनार काळीच हवी, तिच्यावाचून जाजम म्हणजे चौकट नसलेलं चित्र. आणि काळं कापड कोण देणार? काळे कपडे अंत्ययात्रेसाठी ठेवलेले असत, आणि खाणीच्या गावात त्यांची गरज कधी संपत नसे.

अशात एका सोमवारी दारामागच्या बॅगेत तिला क्लेमचे बूट सापडले, चिखलानं भरलेल्या काळ्या कापडात गुंडाळलेले. खांद्यावर फाटलेलं, पुढे वाळलेलं रक्त. दोनच दिवसांपूर्वी हेसलबी न्यूझीलंडशी खेळलं होतं. आपण तीनच गुणांनी हरलो. क्लेमनं नाक मोडून घेतलं आणि तशा मोडक्या नाकानिशी शेवटची ट्राय केली, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. नाकावर पट्टी लावून तो घरी आला, रविवारभर झोपून राहिला आणि सोमवारी पहाटे खाणीत गेला. सामन्यानंतर समोरच्या खेळाडूशी जर्सी बदलल्याचं सांगायला त्याला वेळच मिळाला नव्हता. बूट गुंडाळायला आणलेलं फडकं म्हणून आयव्हीनं ते धुतलं, वाळवलं आणि मंगळवारी कात्री लावली.

गुरुवारी क्लेमनं विचारलं, “आयव्ही, बॅगेतली जर्सी कुठं ठेवलीस?”

तोवर तीन बाजूंची किनार झाली होती, आणि छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांचं मधोमध फूलसुद्धा. क्लेम चौकटीपाशी किती तरी वेळ उभा राहिला. आयव्हीला रडूही येईना. शेवटी तो तिच्यासमोर चौकटीच्या पलीकडच्या बाजूला बसला, उरलेली बाही उचलली आणि म्हणाला, “चौथी बाजू राहिलीय. दे ती कात्री.”

त्या जाजमाला त्यानं कधी खालच्या पायरीवर उतरू दिलं नाही. पुढच्या नाताळला ते शेगडीसमोरून उचलून त्यानं वर आणलं आणि पलंगाच्या आपल्या बाजूला घातलं. तेव्हापासून ते तिथंच होतं. क्लेम जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

बुधवारी मेव्हिस ओल्डरॉइड आली. क्लबातला चहाचा गाडा चाळीस वर्षं तिच्याच हातात होता आणि गावातली निम्मी बातमी त्या गाड्यावरून पुढे जायची.

“अगं, मी इस्त्री आणलीय. वाफेची. तुझ्या त्या जुनाट इस्त्रीनं जाळशील जर्सी.”

“माझी मी करीन.”

“बघू तरी दे!”

“शनिवारी बघ की, सगळ्यांबरोबर.”

“पन्नास वर्षं शनिवारीच बघतेय मी,” मेव्हिस खुर्चीत टेकत म्हणाली. “क्लबाला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा तुला ताप आला. क्लेम गेल्यावर फोटो लावला, तेव्हा तुला ट्रंकेची किल्ली सापडेना. खरं सांग, कसर लागली ना?”

“कसर तुझ्या जिभेला लागली असती तर गाव सुखी झालं असतं. चहा घेणार आहेस की चौकशीच करणार आहेस?”

मेव्हिसनं चहा घेतला, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि ट्रंकेकडे जायच्या जिन्याकडे बघत बघत गेली.

आयव्हीनं लीड्सला जीनला फोन केला आणि कुठून तरी काळी जर्सी पैदा कर म्हणून सांगितलं. गुरुवारी सकाळी पार्सल आलं. आत चकचकीत, सुळसुळीत काहीतरी होतं, छातीवर बिअरची जाहिरात आणि बाहीवर एका फोन कंपनीचं नाव. आयव्हीनं ती जर्सी हातभर लांब धरली आणि तशा प्रसंगातही तिला हसू फुटलं. १९५५ सालची म्हणे!

पण हसू टिकलं नाही. तिला स्वतःची फिकीर नव्हती. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला लोक फार तर विसराळू म्हणतील. क्लबाच्या भिंतीवर क्लेमचा फोटो होता, मोडक्या नाकाचा. त्याच्याखाली बसून माणसं अजून त्या ट्रायच्या गोष्टी सांगायची. शनिवारी ती मोकळ्या हातांनी गेली, तर तीच माणसं म्हणतील की क्लेम स्पिंक आयुष्यभर थाप मारत होता, जर्सी कधी नव्हतीच, आणि ट्राय तरी खरी होती का कोण जाणे. त्या फोटोखाली कुणी असं म्हणावं, हे तिला सोसणार नव्हतं.

दुपारी पुन्हा दार वाजलं. दारात ट्रेव्हर, आणि त्याच्यामागे दाराची चौकट भरून उरेल असा एक सावळा, रुंद तरुण.

“आंटी, हा विरेमू टाउरोआ. न्यूझीलंडचा कप्तान. क्लेमकाकांनी ज्याच्याशी जर्सी बदलली, त्या मॅट टाउरोआचा नातू! शनिवारपर्यंत दम धरवेना म्हणाला.”

“मला घडीभर एकटीला बोलू दे त्याच्याशी,” आयव्ही म्हणाली. ट्रेव्हरला ते आवडलं नाही, पण तो गेला.

विरेमू शेगडीपाशी बसला. आयव्हीनं त्याच्यापुढे पार्किन ठेवलं, आल्याचा ओलसर, गडद केक. त्यानं एक तुकडा उचलला आणि तो संपायच्या आत बोलायला लागला.

“तुमच्या मिस्टरांची जर्सी आमच्याकडे दिवाणखान्यात आहे, मिसेस स्पिंक. काचेच्या पेटीत. आजोबासुद्धा खाणीतलेच, पण त्या पेटीला कोळशाचा कण लागू द्यायचे नाहीत. मी सहा वर्षांचा असताना पेटी उघडून बाहीला हात लावला, तर असा फटका बसला की अजून आठवतो.”

पलीकडे समुद्रापार तिच्या क्लेमची जर्सी काचेत होती, आणि इथं हे असं.

ती वर गेली. जाजम गुंडाळलं, कठड्याला धरून एकेक पायरी उतरली आणि त्याच्यापुढे शेगडीसमोर ते पसरलं.

“ही घे तुझ्या आजोबांची जर्सी. कडेची काळी, मधलं पांढरं फूल. बाकी क्लेमचा कोट आहे आणि माझा निळा झगा. मी कापली. मला ठाऊक नव्हतं, पण कापली मीच.”

विरेमू गुडघ्यांवर बसला. बोटानं किनार चाचपत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला. मग त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी जाजमावर उभा राहिला.

“मऊ आहे,” तो म्हणाला. “आमच्या घरी कुणाला त्या जर्सीला हातही लावता आला नाही हो. आजोबांनाही नाही, शेवटी शेवटी. काचेवरून हात फिरवायचे.”

“शनिवारी मी काय करू ते सांग. क्लेमला सगळे खोटं पाडतील.”

“तुमचे मिस्टर काय सांगायचे लोकांना?”

“काय सांगायचा…” आयव्ही आठवायला लागली. क्लबात कुणी विचारलं की क्लेम पाइप तोंडातून काढायचा, ‘आहे घरात’ एवढंच म्हणायचा आणि पाइप परत तोंडात. ट्रंकेचं नाव त्यानं कधी काढलं नव्हतं. डांबराच्या गोळ्यांचंही नाही. ते सगळं आयव्हीनंच मेव्हिसला एकदा चहाच्या गाड्यापाशी सांगितलं होतं, कापल्याची लाज वाटली म्हणून, आणि मग दर वर्षी त्यात थोडी भर पडत गेली होती. एकदा तर तिनं त्या गोष्टीत पातळ गुलाबी कागदही घातला होता!

“म्हणजे खोटी मीच,” ती म्हणाली. “तो बिचारा नुसता गप्प राहिला.”

“मग सोपं आहे की,” विरेमू म्हणाला आणि दुसरा तुकडा उचलला. “त्यांच्यासाठी बोलायला तुम्ही आहात.”

शनिवारी मैदान भरलं होतं. ढगाळ, कोरडा, खेळाला चांगला दिवस. आयव्ही गुंडाळलेलं जाजम काखेत घेऊन सीमारेषेपाशी आली, तेव्हा ट्रेव्हरचा चेहरा पडला.

“आंटी, हे काय? जर्सी कुठंय?”

“ह्याच्यातच आहे. तो बोलायचा दांडा दे इकडे.”

मधोमध जाऊन तिनं ते गवतावर पसरलं आणि माइक हनुवटीला लावला. आपलाच आवाज चौफेर घुमताना ऐकून ती एकदा दचकली.

“मी आयव्ही स्पिंक. जर्सी ट्रंकेत आहे असं मी सांगत आले. ट्रंकेत ती कधीच नव्हती. एकोणीसशे पंचावन्नच्या नाताळसाठी मी तिच्या चिंध्या करून ह्या जाजमाची किनार लावली. क्लेम म्हणायचा ‘आहे घरात’, ते खरं होतं. रोज सकाळी उठला की ह्याच्यावरच उतरायचा. बाकीचं सगळं माझ्या पदरचं. झालं.”

आयव्हीनं माइक छातीशी घट्ट धरला. मग चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी खो-खो हसलं. अशी हसणारी गावात एकच होती, मेव्हिस.

“आणि मी तिला इस्त्री करायला निघाले होते!” ती ओरडली.

पलीकडच्या पायऱ्यांवरून एक म्हातारा कोकलला, “आयव्ही, त्याच्या बुटांचं काय केलंस? सूप?” आणि मग अख्खं मैदान हसलं, टाळ्या वाजल्या, आणि कुणीतरी क्लेमच्या नावानं जुनी आरोळी दिली. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली.

नाणेफेकीसाठी दोन्ही कप्तान आले आणि जाजमाच्या कडेला अवघडून थांबले. पंच नाणं हातात घेऊन एकदा जाजमाकडे, एकदा आयव्हीकडे बघत होता.

“असे काय उभे राहिलात?” आयव्ही म्हणाली. “या वर.”

“मिसेस स्पिंक, बुटांना खिळे आहेत,” विरेमू म्हणाला.

“असू देत. ते पायांसाठीच केलंय. काचेत ठेवायला नाही.”

दोघे वर चढले. नाणं उडालं, पांढऱ्या फुलावर पडलं आणि नाणेफेक हेसलबीनं जिंकली. त्यानंतर काहीच जिंकलं नाही, बेचाळीस गुणांनी हरलो, पण दोन ट्राय केल्या आणि दुसऱ्या ट्रायला विरेमूसुद्धा टाळ्या वाजवत होता असं ट्रेव्हर शपथेवर सांगतो.

सामना संपल्यावर विरेमू चिखलानं माखलेला तिच्यापाशी आला. अंगातली जर्सी त्यानं डोक्यावरून ओढून काढली. काळीच, पांढऱ्या पट्ट्यांची, छातीवर शंभर वर्षांची खूण.

“ही तुमची. पण एक अट आहे.”

“बोल.”

“कापायची.”

आयव्हीनं कापड बोटांत धरून चोळलं आणि नाक मुरडलं. “फारच सुळसुळीत आहे रे. गोणपाटात टिकेल की नाही, शंकाच आहे.”

“प्रयत्न तरी करा.”

सोमवारी जर्सी धुऊन दोरीवर वाळत होती. मेव्हिस न बोलावता आली. कोळशाच्या खोलीतून तिनं जुनी लाकडी चौकट ओढत आणली, धूळ झटकली आणि पलीकडच्या बाजूला खुर्ची घेऊन बसली.

“किनारीला पुरेल का गं एवढं काळं?”

“जीननं पाठवलेली बिअरवाली आहे ना,” आयव्ही म्हणाली आणि कात्री शोधायला उठली.