सर्व्हेअरकाकांची महागडी दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. जरा खालच्या मानेनेच बोलतेय, कारण सगळे मला एकच विचारतात, "एवढी किंमत कशाबद्दल?"

तसं उत्तर आहे माझ्याकडे. भर दुपारी स्वस्तातली दुर्बीण आणि मी, दोघी सारख्याच वाटतो. पण दिवस कलला की उरलासुरला उजेड मी गोळा करते आणि तिला काही सुचत नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटात मी याच तोऱ्यात बसले होते.

तिथे सर्व्हेअरकाका आले. जन्मभर जमिनी मोजलेल्या, त्यामुळे नजरेचा भारी अभिमान. निवृत्तीनंतर ते पक्षी बघणाऱ्यांच्या गटाबरोबर तळ्यावर जायचे. पण हल्ली जुन्या दुर्बिणीतून त्यांना कडेकडेचं धुरकट दिसायला लागलं होतं.

"अहो, दुर्बीण नंतर घ्या. आधी डॉक्टरांना डोळे दाखवा," काकू म्हणाल्या.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? त्या डबड्यातच खोट आहे."

मला डोळ्यांना लावून काकांनी समोरच्या दुकानाची पाटी पाहिली. धुरकटपणा तसाच होता. तेवढ्यात विक्रेता म्हणाला, "साहेब, याच्या वरची वस्तू बाजारात नाही." झालं! एवढी महाग वस्तू हातात धरून 'दिसत नाही' कोण म्हणणार?

खरं सांगते, तेव्हा मला आनंद झाला होता. एकदाची खपले! आज त्या आनंदाचीच लाज वाटते.

दोन हिवाळे काकांनी मला गळ्यात मिरवलं. काकूंनी डॉक्टरांचं नाव काढलं की मला पुढे करायचे, "हिच्यातून लख्ख दिसतं गं!" एकदा तळ्याकाठच्या वाळक्या झाडावर ससाणा बसला. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. ससाणा उडाला, दुर्बिणी खाली आल्या. काका मात्र रिकाम्या फांदीवर मला रोखून म्हणत होते, "अहाहा! पिसं न् पिसं मोजून घ्या!" कुणी हसलं नाही. त्या दिवशी बरोबर आलेल्या काकूंनी हळूच माझा पट्टा त्यांच्या गळ्यातून काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच काकूंनी त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळू. आधी का नाही आलात?"

काकांनी काकूंच्या मांडीवरच्या माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मला विकत घेणाऱ्यांनो, जरूर घ्या, मी फसवी नाही. पण माझ्यातून नीट दिसलं नाही, तर तसं सरळ म्हणा. माझ्या किमतीची भीड बाळगू नका.

आता तळ्यावर मी काकूंच्या हातात असते. परवा पाण्यावर काहीतरी उतरलं. काका बराच वेळ चुळबुळले, मग मोठ्यानं म्हणाले, "मला दिसत नाही हो. कुणीतरी सांगा ना, काय आहे?"

चौघंजण एकदमच सांगायला लागले. रंग, चोच, मानेवरचा पांढरा पट्टा. काका डोळे मिटून ऐकत राहिले. एवढं एक वाक्य बोलायला त्यांना दोन हिवाळे लागले, आणि ते माझ्यामुळे.