तिसरी ब लाल कशी झाली

शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, कारण त्या मुख्याध्यापिका होत्या. घरीही त्या मोठ्याच. त्यांची धाकटी जाऊ त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची आणि त्यांच्याच शाळेत तिसरी ब शिकवायची. त्यामुळे दोघींना रोज फाटकापाशी नातं बदलावं लागे. आत शिरलं की "मॅडम, तुमची हजेरी अजून आली नाही," आणि बाहेर पडलं की "अगं, येताना साबण आणशील का? आमचा संपलाय." इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग आकडे आले.

शिक्षण कार्यालयानं त्या वर्षी नवीन पद्धत काढली. वाचनाच्या आणि गणिताच्या चाचण्यांचे गुण शाळांनी संगणकात भरायचे, की पडद्यावर प्रत्येक वर्गाचा एक खांब उभा राहणार. चांगला असेल तर हिरवा, बेताचा असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. त्यावरून शाळेनं सुधारणेचा आराखडा करायचा आणि पाठवायचा. "आपण काही बोलायचंच नाही," तिथले साहेब म्हणाले होते, "आकडेच बोलतील."

मोठ्या बाईंच्या शाळेचे खांब हिरवेगार निघाले. सगळ्यांत उंच खांब चौथी अ चा. चौथी अ चे सर म्हणजे शाळेचं भूषण. त्यांना शिक्षक मंडळी 'शंभर टक्के' म्हणत आणि ते नाव त्यांनी आनंदानं पत्करलं होतं. आणि या हिरवळीत मधोमध एकच खांब लाल, बुटका, कुणीतरी लाथ मारून बसवल्यासारखा. तिसरी ब, वाचन आणि आकलन.

बैठकीत पडद्यावर तो खांब दिसला तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. मग सगळे एकदम दयाळू झाले.

"तिसरी ब ला रस्त्याचा आवाज फार येतो," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"खिडकीतून ऊनही येतं," आणखी कुणीतरी म्हणालं.

"पालकांचं लक्ष नसतं हो," शंभर टक्के सर मान हलवत म्हणाले. त्यांच्या वर्गालाही तोच रस्ता आणि तेच ऊन होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

शेवटी धाकटी एवढंच म्हणाली, "मुलांना उतारा वाचून समजत नाही, बाई. वाचतात खडाखडा, पण काय वाचलं ते विचारलं की छताकडे बघतात. हे मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं."

"मग बाकीच्या वर्गांतल्या मुलांना कसं समजतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ते धाकटीलाही खरंच कळत नव्हतं.

आराखडा लिहिताना मोठ्या बाईंचा जीव टांगणीला लागला. कारणाच्या रकान्यात 'शिक्षक' लिहावं तर घरात जिना चढताना तोंड दाखवायची पंचाईत, आणि न लिहावं तर कार्यालय म्हणणार, जाऊ म्हणून पाठीशी घातली. त्यांनी दोन दिवस विचार करून मधला मार्ग काढला. तिसरी ब च्या खिडकीला पडदा लावायचा, आणि तिसरी ब च्या शिक्षिकेनं आठवडाभर चौथी अ मध्ये मागच्या बाकावर बसून आदर्श अध्यापनाचं निरीक्षण करायचं.

हे त्यांनी शाळेतच सांगितलं, 'तुम्ही' म्हणून सांगितलं. धाकटीनं ते मान खाली घालून ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळी ती वेगळ्या वाटेनं घरी गेली. वरच्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. मोठ्या बाईंचे यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "काय झालंय तुमच्यात?"

"काही नाही. शाळेचं आहे."

"शाळेचं आहे तर शाळेत आदळावीत की भांडी."

पडदा लागला. धाकटी वही-पेन घेऊन चौथी अ मध्ये मागच्या बाकावर बसली. पहिले काही दिवस ती नुसती लिहून घेत राहिली. मग चौथीची सरावचाचणी झाली, आणि त्याच संध्याकाळी ती खाली आली. चेहरा असा, की हसू आवरतेय की रडू, ते कळू नये.

"वहिनी, चहा आहे का?"

"आहे ना. बस." मोठ्या बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी चहात साखर दोनदा घातली. "मग? शिकायला मिळालं का काही?"

"खूप. परीक्षा कशी घ्यायची ते शिकले."

"म्हणजे?"

"सर प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवतात. मग चारही पर्याय वाचतात. आणि बरोबर पर्याय आला, की चष्मा काढून पुसतात."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "अगं, घाम येत असेल."

"बरोबर उत्तरालाच घाम येतो त्यांना, वहिनी. एकदाही चुकीच्या पर्यायाला आला नाही. मुलं पेपराकडे बघतच नाहीत. सगळा वर्ग सरांच्या नाकाकडे बघत असतो."

"तुला राग आलाय, म्हणून तुला तसं दिसतंय."

"असेलही," धाकटी म्हणाली आणि तो गोड चहा तिनं तोंड वाकडं न करता संपवला. "मी सांगायचं ते सांगितलं. आता आराखड्यात काय लिहायचं ते तुम्ही बघा."

मोठ्या बाईंना पटलं नाही, पण चैनही पडेना. पुढच्या चाचणीला त्या स्वतः चौथी अ मध्ये जाऊन बसल्या. मुख्याध्यापिका समोर बसल्यावर सर ताठ उभे राहिले. उतारा एका आजोबांचा होता. त्यांना दुकानात कुणाचीतरी विसरलेली छत्री मिळते आणि दुसऱ्या दिवशी ते ती परत नेऊन देतात. प्रश्न होता, आजोबांनी छत्री परत का केली. सरांनी चारही पर्याय खणखणीत आवाजात वाचले. चष्मा नाकावर तसाच. पेन्सिली हवेत. मुलं सरांकडे बघतायत, सर भिंतीकडे बघतायत. सरांनी पर्याय पुन्हा वाचले. पुन्हा तेच.

शेवटी पहिल्या बाकावरची, शाळेत पहिली येणारी मुलगी कळवळून म्हणाली, "सर, चष्मा काढा ना!"

मोठ्या बाई त्या मुलीजवळ जाऊन बसल्या. "चष्म्याचं राहू दे. तू वाच बघू मला, काय केलं आजोबांनी?"

मुलीनं उतारा एका दमात वाचला. एक अक्षर अडलं नाही.

"छान. मग छत्री का परत दिली त्यांनी?"

मुलीनं उताऱ्याकडे पाहिलं नाही. ती मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, टक लावून, भुवई हलते का, ओठ हलतात का. "पाऊस थांबला म्हणून?" ती म्हणाली. चेहरा हलला नाही, तशी म्हणाली, "छत्री फाटली म्हणून? नाही? दुकान बंद होतं म्हणून?" तिचा आवाज लहान होत गेला. ओळ तिच्या बोटाखालीच होती. तिथे उत्तर असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, "बाई, मुद्दाम करत नाही हो मी. मुलं घाबरतात, मला बघवत नाही. आणि तुम्हीच तर दर बैठकीत म्हणता, एकही मूल मागे राहता कामा नये."

मोठ्या बाई तसं म्हणत असत, टेबलावर हात आपटून म्हणत असत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या शाळेची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी प्रत्येकानं दुसऱ्याच्या वर्गावर जायचं, प्रश्न वाचून दाखवायचे नाहीत, आणि ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो घालून ठेवायचा किंवा घरी ठेवून यायचा. मग कळलं, की चष्मा फक्त सरांचा होता, पण एरवी आपापल्या वर्गात कुणी खोकत होतं, कुणी टेबलावर खडू वाजवत होतं, आणि गणिताच्या बाई तर सरळ पेपरावर बोट ठेवत होत्या. गुण भरले आणि संगणकावर पाहिलं तर शाळा लालभडक. पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे खांब बसलेले. सगळ्यांत उंच खांब तिसरी ब चा. तो वाढला नव्हता. होता तेवढाच होता. बाकीचेच त्याच्या खाली गेले होते.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. "हे कार्यालयाला कळवायलाच हवं का?" गणिताच्या बाईंनी विचारलं. "सरावचाचणी होती असं म्हणू." शंभर टक्के सर सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभे होते.

घरी यजमानही तेच म्हणाले. "निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत तुझी. कशाला हात पोळून घेतेस?"

"चौथीची मुलं पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जातील," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिथे ती कुणाच्या तोंडाकडे बघणार?" आणि त्यांनी गुण पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाजात काळजी होती. "बाई, साथ वगैरे आली होती का शाळेत?"

"नाही साहेब. आधीचे आकडे खोटे होते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "असं लिहायला आमच्याकडे रकाना नाही," साहेब म्हणाले. "मी 'इतर कारणे' मध्ये टाकतो."

मग खरा आराखडा झाला, आणि तो धाकटीनं लिहिला. वर्ग मोडले. रोज पहिल्या तासाला मुलांचे गट बसू लागले ते त्यांना काय समजतं यावरून; पहिलीतलं एखादं चौथीच्या मुलाशेजारी. रोज छोटासा उतारा, आणि एकच नियम: उत्तर सांगितलं की ते कुठल्या ओळीत सापडलं तेही दाखवायचं. सगळ्यांत कच्चा गट कुणी घ्यायचा यावर बैठकीत सगळे आपापल्या नखांकडे बघू लागले, तेव्हा मागून आवाज आला, "माझ्याकडे द्या." शंभर टक्के सर होते. त्यांनी पहिला महिना चिडचिड करत काढला. मग एक दिवस ते खुर्ची सोडून सतरंजीवर मुलांत बसलेले दिसले. एका मुलानं चुकीचं उत्तर दिलं होतं आणि सर विचारत होते, "बरं, तुला असं का वाटलं?" आणि खरोखर ऐकत होते.

वर्षाच्या शेवटी चाचणी झाली. निकाल असा काही डोळे दिपवणारा नव्हता. बरेच खांब पिवळे झाले, एखाददुसरा हिरवा, चौथीचा अजून लालच. पण कार्यालयाच्या संगणकाला फक्त वाढ दिसत होती, आणि इतक्या खोल तळातून इतकं वर कुणीच आलं नव्हतं. मोठ्या बाईंची शाळा सगळ्यांत वेगानं सुधारणारी शाळा ठरली. साहेबांनी शाल दिली आणि आसपासच्या सगळ्या मुख्याध्यापकांपुढे त्यांचं भाषण ठेवलं: 'आकड्यांतून प्रगती'.

मोठ्या बाई धाकटीला बरोबर घेऊन गेल्या. भाषणात त्यांनी काही लपवलं नाही. चष्मा सांगितला, खोकला सांगितला, चष्मा काढा म्हणणारी मुलगी सांगितली. सगळं सभागृह मनापासून हसलं आणि भराभर लिहून घेत राहिलं. इतके लोक इतकं मन लावून ऐकतील, असं मोठ्या बाईंना वाटलं नव्हतं.

चहाच्या वेळी एक वयस्कर मुख्याध्यापक त्यांच्याजवळ आले. वही उघडीच होती. "फार उपयोगी बोललात, बाई. आमच्या डोळ्यांवरची झापडंच उडाली. फक्त एक शंका आहे."

"विचारा ना."

त्यांनी आवाज हळू केला. "पहिल्या चाचणीत गुण साधारण किती खाली आणायचे? सगळेच वर्ग लाल केले तर संशय नाही ना येणार?"

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गृहस्थ खरोखर शिकायच्या तयारीनं उभे होते. त्यांच्या मागे आणखी तिघं-चौघं पेन काढून थांबले होते, आणि सगळे अगदी लक्ष देऊन मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अहो, खाली आणायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "खरे घ्यायचे."

"हो हो, तेच," ते म्हणाले आणि लिहू लागले. "खरे घ्यायचे. पण म्हणजे किती?"

तेव्हा धाकटी पुढे झाली. "सर, एक काम करा," ती म्हणाली. "उद्या तुमच्या शाळेतलं कुठलंही एक मूल घ्या, त्याला एक गोष्ट वाचायला द्या, आणि मग विचारा, काय झालं गोष्टीत? आणि तुमच्या तोंडावरची माशीसुद्धा हलू देऊ नका."

"आणि मग?"

"मग आम्हाला फोन करा."

परतीच्या बसमध्ये मोठ्या बाई शाल मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. "करेल का गं त्यांच्यातलं कुणी फोन?"

"एखादा करेल," धाकटी म्हणाली. "बाकीचे पुढच्या वर्षी आपल्यापेक्षा जास्त सुधारतील."

मोठ्या बाईंना हसू आलं, आणि मग ते बराच वेळ थांबेना. समोरच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, तेव्हा धाकटीनं शालीचं टोक त्यांच्या तोंडावर धरलं.

दोन दिवसांनी एक फोन आला. भाषणाला आलेल्या एक मुख्याध्यापिका होत्या; लहानशी शाळा, दोनच वर्ग, त्याच सगळं शिकवतात. त्या म्हणाल्या, "मी विचारलं हो एका मुलाला." आणि रडू लागल्या. मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा. पहिल्यापासून सांगा."