कोचईचे काप

मुर्री गावातल्या त्या घरात ओव्हन आला तेव्हा सुलोचनाबाईंनी त्याला पेटी म्हटलं, आणि तो पेटीच राहिला. सून रीता नागपूरची. ती त्या पेटीत बीट, गाजर, रताळी भाजायची. पातळ काप करायचे, फडक्यावर कोरडे करायचे, तेलाचा नुसता हात फिरवायचा. गार झाले की काप असे वाजायचे, जसं वाळलेलं पळसपान पायाखाली वाजावं.

कचारगडच्या जत्रेत बचत गटाचं दुकान लागायचं आणि तिथं कढईपुढे वर्षानुवर्षं सुलोचनाबाईच बसायच्या, वडे तळत. यंदा अध्यक्ष शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या, सुनेचे काप चाखून पाहू, आवडले तर दुकान तिच्याकडे. लग्न होऊन या गावात आल्यापासून रीताला पहिल्यांदाच कोणी काही विचारलं होतं. त्या दिवसापासून ती भांडी घासतानाही गुणगुणायची.

सुलोचनाबाई रागावल्या नाहीत. उलट वाडीतली कोचई, म्हणजे अळूचे कंद, त्यांनी स्वतः खणून आणली, कंद मांडीवर घेऊन लेकराचं तोंड पुसावं तशी माती पुसली. बीट-गाजर कुठंही भेटते, म्हणाल्या, आपल्या मातीतलं काही ठेव. रीताचे डोळे भरून आले. माहेरी तिनं कोचई फक्त रश्श्यात, शिजलेली पाहिली होती.

कापता कापता तिचे हात खाजू लागले. याला आधी काही करावं लागतं का, तिनं विचारलं.

"काही नाही लागत, बाई. मातीची खाज होय ते. पेटीत गेली का मरते."

काप निघाले, सोनेरी, कडा वळलेले. एक तोंडात टाकायला तिनं उचलला, तर सासूनं अलगद मनगट धरलं. या घरात नवी चीज देवापुढं ठेवल्याबिगर कोणी चाखत नाही, आणि ठेवायचा मान पाहुणीचा. रीतानं काप परत ठेवला.

दुपारी गटाच्या बाया आल्या. शकुंतलाबाईंनी देवापुढे काप ठेवले, हात जोडले, मग सगळ्या बायांनी खाल्ले. ओसरीभर कुरकुर झाली. मस्त झाले, एकीनं म्हटलं. रीता दारात हसत उभी होती. तेवढ्यात शकुंतलाबाईंचा हात गळ्याशी गेला. मग दुसरीचा. जिभेत कुसळं रुतावीत तशा बाया खाकरू लागल्या, एक थुंकायला अंगणात धावली.

"कोचईले आंबट नाही लावलं?" शकुंतलाबाईंचा आवाज घोगरा झाला होता. "इथल्या लेकरायले बी मालूम राहते. काय शिकवून राहिले तुमच्या नागपुरात?"

बाया खोकता खोकता हसल्या. रीतानं सासूकडे पाहिलं. जिनं कंद मांडीवर घेऊन माती पुसली, तिचं नाव रीताच्या तोंडून निघेना.

सुलोचनाबाई तोवर आतून पातेल्याएवढा गंज भरून घेऊन आल्या. गूळ घातलेलं चिंचेचं पाणी. एकेकीला त्यांनी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, सुनेच्या वतीनं माफी मागितली. यंदा बी वडेच करा बाई, शकुंतलाबाई जाताना म्हणाल्या.

ओसरी रिकामी झाल्यावर रीतानं गंजात बोट घातलं. चिंच पार विरघळली होती, तळाशी नुसते चिंचोके.

"आई, ही कधी भिजवली?"

"सकारीच." सुलोचनाबाईंनी उरलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला आपल्याच हातात ठेवला. "तू तं चाखलेच नाही, पोरी. एक खाऊन पाह पहिले. मंग देतो."

रीतानं ताटातला काप उचलला. चांगला कुरकुरीत झाला होता.