महागाईचा तक्ता

पौर्णिमाला वाचल्याशिवाय चैन पडत नसे. लेकीच्या, ओवीच्या, तापाचं औषध घेताना बाटली दुकानातच उलटीपालटी करून ती तारीख बघायची. डोस द्यायला नेलं तर नर्सबाईच्या हातातली कुपीसुद्धा मान वाकडी करून वाचायची. बालाघाटच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई ती. गल्लीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की हाक तिलाच यायची. अशा बाईनं आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, आणि ती वकील मधुकरकाकांच्या बैठकीत, त्यांच्या देखत.

काका समोर बसलेले, काकूंनी चहा पुढ्यात ठेवलेला, आणि आपण त्यांचा कागद ओळीओळीनं वाचत बसायचं? वडिलांच्या मित्रासमोर? म्हणजे तोंडावर सांगण्यासारखंच झालं की तुमचा भरवसा नाही. तिनं पेन घेतलं आणि काकांचं बोट होतं तिथं सही केली.

केस तिच्या नवऱ्याची, प्रीतमची. तो तोफखान्यात होता. सरावात तोफेचा बार जवळून झाला आणि डावा कान कायमचा गेला, उजव्यात थोडंफार उरलं. त्र्याण्णव साली फौजेनं त्याला घरी पाठवलं, पण अपंगत्वाची पेन्शन दिली नाही. पत्र आलं, बहिरेपणाचा नोकरीशी संबंध नाही. लग्न झाल्यावर पौर्णिमानं ते पत्र वाचलं आणि त्याला घेऊन काकांकडे गेली. साल अठ्ठ्याण्णव. काका म्हणाले होते, "पोरी, तुझा बाप माझ्या बाकावर बसायचा. तुझ्याकडून मी पैसे घेऊ? फी दहा हजार लिहू, पण जिंकलो तर, आणि तीही सरकारकडून वसूल करू." मग सहा वर्षं काका छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीत बसून जबलपूरच्या हायकोर्टात जात राहिले. प्रीतमला ऐकू येत नाही म्हणून सह्यांचं मुखत्यारपत्र तिच्या नावावर होतं.

या वर्षी केस जिंकली. पेढे वाटून झाले. काकांनी निकालाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स दिली होती, पण बँकेतला बाबू म्हणाला, पूर्ण निकाल आणा. काका कचेरीत होते. आशालताकाकूंनी कपाट उघडून सगळी फाईलच तिच्या हातात दिली. "घे बाई, तुमचंच तर आहे."

घरी ओवीला झोपवता झोपवता तिनं निकाल वाचायला घेतला. सातव्या परिच्छेदाशी तिचा थोपटणारा हात थांबला.

अकरा वर्षांच्या थकबाकीपैकी फक्त शेवटच्या तीन वर्षांची मंजूर. आधीच्या आठ वर्षांचा दावा आणि व्याज अर्जदाराच्या सूचनेवरून सोडून दिलं आहे. सूचनेवरून! कुणी दिली सूचना? आठव्यात लिहिलं होतं की वकिलाची फी सहा वर्षांपूर्वी ठरली असल्यानं, वाढलेली महागाई धरून, दहा हजारांऐवजी बारा हजार सहाशे वकिलाला थेट देण्यात यावेत. सरकारची हरकत नाही. हिशोबासाठी सोबतचा तक्ता पाहावा.

सोबतचा तक्ता तिनं उलटून पाहिला. टाइप केलेला होता, पण आकडे तिचेच. मागच्या हिवाळ्यात काका म्हणाले होते, "महागाईचा एक तक्ता करून दे. तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया एक नाही, हे कोर्टाच्या गळी उतरवावं लागेल." ओवीला कडेवर घेऊन ती चार दिवस कॉलेजच्या लायब्ररीत गेली, सरकारी पुस्तकातून दर वर्षाचे निर्देशांक उतरवले, दोनदा ताडून पाहिले. शेवटची ओळ तिला पाठ होती, तेव्हाच्या शंभराचे आजचे एकशे सव्वीस. "काका, त्र्याण्णवपासून नको का?" असंही तिनं विचारलं होतं. "नको, अठ्ठ्याण्णवपासूनच कर." तिला वाटलं, कोर्टाची काही रीत असेल. काकांची फी अठ्ठ्याण्णवची होती, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि शेवटी आठ वर्षांचा दावा सोडल्याचा अर्ज. खाली तिची सही. सुबक, बी.ए.ची.

त्या अकरा वर्षांच्या पैशातून नागपूरहून प्रीतमच्या उजव्या कानासाठी ऐकायची भारी मशीन यायची होती. मशीन आली असती तर ओवीला त्याच्यावर सोपवून ती शाळेची नोकरी धरू शकली असती. आता घरात लेकरू पडलं, ओरडलं, तरी बापाला कळत नाही. ती भाजीला गेली तरी ओढणीचं एक टोक ओवीच्या कमरेला आणि दुसरं प्रीतमच्या मनगटाला बांधून जायची. हिसका बसला की त्यानं वळून बघायचं. तीन वर्षांच्या पैशात उसनवारी फिटली असती, बस.

फेरविचाराच्या अर्जाला तीस दिवस असतात, त्यातले एकोणीस गेले होते. दुसरा वकील करायचा तर पहिल्याचं ना-हरकत पत्र लागतं, हे तिला लामता गावच्या निवृत्त महागू सुभेदारांनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या केसमध्ये तीन वकील बदलून झाले होते. संध्याकाळी ती प्रीतमला आणि ओवीला घेऊन काकांकडे गेली. दोघं ओढणीसकट ओसरीवर बसले. ती बैठकीत गेली.

"ये पोरी. बँकेचं झालं?"

"काका, आठ वर्षं कुणी सोडली?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "असं बघ, सरकारी वकील म्हणाला, अकरा वर्षं मागाल तर आम्ही वरच्या कोर्टात जाऊ. आणखी दहा वर्षं लटकली असती केस. हातात येतंय ते घ्यावं म्हटलं."

"आणि तुमच्या फीला त्याची हरकत नाही."

"माझी फी तुझ्या खिशातून गेली का? सहा वर्षं त्या गाडीचे धक्के खाल्ले मी, एक पैसा मागितला? वाढवून घेतली तर काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. तुमची महागाई खरीच आहे, काका. तक्ता मीच तर केला. पण आमचे रुपयेही त्याच बाजारात झिजत होते. त्यांचा तक्ता कुठं लावला?"

काकू चहा घेऊन दारातच थांबल्या.

"मी न विचारता काही केलेलं नाही," काकांचा आवाज चढला. "जबलपूरला कोर्टाच्या कँटीनमध्ये मी प्रीतमला सगळं समजावून सांगितलं. तो हौ म्हणाला. विचार त्याला."

"कोणत्या कानात सांगितलं?"

काकांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"सहा वर्षं तुम्ही जज्जांना पटवत होतात, या माणसाला ऐकू येत नाही. कागद दाखवले, डॉक्टर उभे केले. आणि जिंकायची वेळ आली तेव्हा त्यालाच कँटीनच्या गलक्यात सांगितलं? मी घरी होते ना. तुमच्या गल्लीपासून तीन गल्ल्या."

"तू पोर आहेस," काका हळूच म्हणाले. "सही करताना वाचायचं होतंस."

हे मात्र तिला लागलं. बाकी सगळं तिनं वाटेतच पचवून ठेवलं होतं. काकूंनी कपबशी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे न बघता आत गेल्या.

"ना-हरकत लिहून द्या, काका."

त्यांनी लिहिलं. शेवटी सही ठोकून कागद पुढं सरकवला, नेहमीसारखा, बोट ठेवून. "इथं तुझी पण कर."

पौर्णिमानं कागद उचलला आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. काका खिडकीबाहेर बघत बसले. चहावर साय धरली. तिसऱ्या ओळीत होतं, 'अर्जदाराच्या संमतीने काही दावे सोडण्यात आले.' तिनं तिथं बोट ठेवलं.

"ही ओळ खोडा."

"पौर्णिमे, इतका अविश्वास?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गेले त्या दिवशी याच माणसानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"खोडा, काका. खोडलं तिथं सही पण करा."

बाहेर ओसरीवर ओवी ओढणीला हिसके देत होती आणि प्रीतम प्रत्येक हिसक्याला वळून हसत होता. पौर्णिमानं गाठ सोडली. रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हने काका? झालं काम?"

ती त्याच्या उजव्या बाजूला आली. "जबलपूरले कँटीनमंधी काकानं तुमाले काही सांगतलं होतं का?"

"हौ," तो लगेच म्हणाला. मान डोलावून, हसून. हे हौ तिच्या ओळखीचं होतं. दुकानदाराला, शेजाऱ्याला, सासऱ्याला, सगळ्यांना तो हेच द्यायचा.

ती भर रस्त्यात थांबली. पानठेल्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. बघोत. ती ओरडून म्हणाली, "हौ नोका म्हनू! आयकू आलतं का तुमाले?"

प्रीतमचं हसू ओठांवरच अडकलं. त्यानं ओवीकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या कागदाकडं.

"नाही," तो म्हणाला. "मले काहीच आयकू नोतं आलं. ते घरचे मानूस होते, म्हनून मी मान हालवली."