मोठा डबा स्वस्त पडतो

सूर्यफूल तेल. डबा, ५ लिटर.
छापील किंमत ₹९९०. आमची किंमत ₹८६५.
तुमची बचत ₹१२५!

पिवळ्या कागदावर लाल अक्षरं, आणि इतकी ठसठशीत की सत्यवती घरतला पिशवीतून चष्मा काढावा लागला नाही. तिला हायसं वाटलं. ती मागे वळून थोरल्याला म्हणाली, "वाच. मी सांगत नव्हते?"

सांगत होती खरी. गेला महिनाभर तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतंच.

थोरला म्हणजे प्रितम. उलव्याला इमारतींच्या कामांवर त्याचे दोन डंपर होते आणि तिथंच त्याने फ्लॅट घेतला होता. बायको भाविका आणि मुलीला घेऊन तो कोन गावातल्या घरातून निघाला होता. सत्यवतीने फ्लॅटला नाही म्हटलं नव्हतं. राहा तिकडे, म्हणाली, पण चूल एकच ठेवा. स्वयंपाक इथं होईल, डबा तिकडे येईल. तिचा नवरा तुळशीराम असेपर्यंत म्हणायचा, जागा कितीही वेगळ्या होवोत. चूल वेगळी झाली की भाऊ भावकीत जमा.

आता हे पोराला कसं सांगायचं? मला घर रिकामं बघवत नाही, असं ती बोलणाऱ्यांतली नव्हती. मग तिने पुरुषांना पटेल ते पुढे केलं. फायदा. "दोन चुलींना दोन बाजार लागतात. लहान लहान पुड्या घेऊन कुणाचं घर वर आलंय? एकत्र घेतलं की मोठा डबा घेता येतो. मोठा डबा स्वस्त पडतो."

प्रितम ठेकेदारीतला माणूस. त्याने हेच धरून ठेवलं. "बरं आये, या महिन्याचा बाजार सगळे मिळून करू. खरंच वाचत असेल तर डबा कोनवरनं येईल. नसेल वाचत तर भाविका तिकडं गॅस लावेल. मग रडायचं नाय."

"नाय रडणार."

म्हणून त्या रविवारी अख्खं घर नवीन पनवेलच्या त्या झगझगीत दुकानात आलं होतं. आणि म्हणून तो पिवळा कागद.

कपड्यांची पावडर, ६ किलो. बादली मोफत.
ऑफर साठा संपेपर्यंत.

"आये, बादली नको," धाकटा हृतिक ट्रॉली ढकलता ढकलता म्हणाला. "घरात चार बादल्या हायत. एवढं तर आपण पाणी पन भरत नाय."

"फुकट हाय ती."

"फुकट नाही आई," भाविका म्हणाली. "बादली विकत आहे, पावडर मोफत. तुम्ही उलटं वाचताय."

हृतिक हसला. सत्यवतीने बादली ट्रॉलीत ठेवली आणि वर हात दाबून धरला, जणू कुणी काढून घेणार होतं.

तिला यातलं कळत नव्हतं असं नाही. साठवण हा तर तिच्या जन्माचा धंदा. पूर्वी वैशाखात पावसाआधीची बेगमी व्हायची. मिरच्या पोत्याने यायच्या, उन्हात कडकडीत वाळायच्या. उरणहून सुकट आणि बोंबील यायचे. भात तर घरचाच, कणगीत. ज्या दिवसांत जिन्नस उदंड त्या दिवसांत तो घ्यायचा आणि बारा महिने खायचा, इतकी साधी ती विद्या होती. पुढे शेत मोठ्या रस्त्यात गेलं, कणगी चुलीत गेली. उरली ती मसाल्याची चिनी मातीची बरणी, कमरेएवढी. आजही वर्षाचा मसाला सत्यवतीच करते. बरणी गळ्यापर्यंत भरते, वर हिंगाचे खडे ठेवते, तोंड फडक्याने बांधते. गळ्यापर्यंतच भरायची, रिकामी जागा राहिली की मसाल्याला हवा लागते. आणि त्या बरणीतला मसाला घरातल्या घरात कुणाला वाटून द्यायचा नाही. तो फक्त चूल वेगळी होते त्या दिवशी वाटतात. सत्यवतीच्या सासूने एकदाच वाटला होता, धाकट्या दिराला. त्यानंतर तो दीर जेवायला पाहुण्यासारखा यायचा.

या दुकानात ती पहिल्यांदा आली तेव्हा मोठमोठी पाकिटं बघून तिला वाटलं, बेगमी परत आली. इथं वैशाख नाही आणि भाद्रपदही नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्या येणार? आत सगळीकडे सारखाच गारठा होता.

तूरडाळ, ५ किलो. महाबचत पॅक.

तूरडाळ, १ किलो.

दुसऱ्या लेबलाचा कागद पांढरा. ते गुडघ्याच्या खाली.

"मी बघते ना," अंकिता म्हणाली. धाकटी सून. तिने फोन काढला. तिचाही यात जीव होता. थोरली गेली की घरात ती आणि सासू, दोघीच उरणार होत्या. त्यापेक्षा हा हिशोब सासूच्या बाजूने लागलेला तिला हवा होता. "दादा, तेलाचंच बघू. सगळ्यात मोठी वस्तू तीच."

"बघ," प्रितम म्हणाला.

अंकिता खाली बसली. सगळ्यात खालच्या फळीवर तेलाच्या पिशव्या होत्या. पिशवीची किंमत एकशे पासष्ट. पण डब्यावर लिटर आणि पिशवीवर ग्रॅम. ९१० ग्रॅम.

"यांची सोयरीक कशी लावायची गो?" सत्यवतीने विचारलं.

"थांबा आई, मागे लिहिलेलं असतं." अंकिताने पिशवी उलटी केली, उजेडाकडे धरली. मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं. ९१० ग्रॅम म्हणजे एक लिटर. म्हणजे पाच पिशव्या म्हणजे एक डबा. तिचा अंगठा फोनवर फिरला. थांबला. पुन्हा फिरला.

पाच पिशव्या आठशे पंचवीस. डबा आठशे पासष्ट.

"काय आलं?"

अंकिताने फोन छातीशी धरला. "डबा स्वस्त आहे, दादा."

"किती?"

"चाळीस रुपयांनी."

चाळीस हा आकडा खरा होता. फक्त तो पलीकडच्या पारड्यातला होता.

सत्यवतीची शाळा चौथीपर्यंत. पण तिने बघितलं, की पोरीने ती पिशवी नुसती परत ठेवली नाही, तर इतर पिशव्यांच्या मागे सारली. वस्तू लपवणारा हात बाईला कळतो. आता बोलायला हवं होतं. गो, पुन्हा मोज, एवढंच.

ती म्हणाली, "मंग? चाळीस का कमी हायत?"

प्रितमने खालच्या फळीकडे बघितलं. मग आईकडे. मग डबा उचलून ट्रॉलीत ठेवला. "चला," तो म्हणाला. डाळ, तांदूळ, साखर, चहा, सगळं मोठंच घेतलं गेलं. दुसरा हिशोब कुणी केला नाही. चहाच्या मोठ्या पुड्यासोबत एक प्लास्टिकचा डबा मोफत मिळाला.

त्यानंतर गाडीत बसेपर्यंत भाविका एकदाच बोलली. "म्हणजे डबा येणार तर."

– आये, डबा मिळाला.
– सुकट कशी झालती?
– चांगली.
– पोरगी जेवली?
– जेवली.

– आये, डबा मिळाला.
– भाजी खारट झालती काय रं?
– नाय. चांगली झालती.

– आये, डबा मिळाला. मी साईटवर हाय, नंतर बोलतो.

– हे बिझी आहेत आई. हो, मिळाला. छान होतं सगळं.

– काय छान व्हतं?
– सगळंच.

डबा डंपरने जायचा. ड्रायव्हर सत्यजीत सकाळी कोनहून निघताना तो शेजारच्या सीटवर ठेवायचा, रिकामा संध्याकाळी आणून द्यायचा. डबे घासून पुसून यायचे. कोपऱ्यात शीत नाही, कडेला तेलाचा ओघळ नाही. सत्यवतीला ते बरं वाटायचं. मग हळूहळू बरं वाटेना.

तिकडे पावसाने घरातल्या हवेला ओल धरली आणि पाच किलोच्या डाळीत पोरकिडे झाले. तीन माणसं आणि एक डबा, किती डाळ लागते? सत्यवती वऱ्हांड्यात सूप घेऊन बसायची आणि किडे निवडायची. अंकिता बाजूला येऊन बसायची. तेलाच्या डब्याला खवट वास यायला लागला होता. दोघींनाही तो यायचा, आणि दोघीही फोडणी टाकायच्या.

एकदा अंकिता म्हणाली, "आई, त्या दिवशी मी..."

"डाळ निवड गो," सत्यवती म्हणाली.

मावळत्या आषाढात सत्यजीत बहिणीच्या लग्नाचं बघायला गावी गेला. डबा कोण नेणार? हृतिक म्हणाला, एक दिवस राहू दे. सत्यवतीने पातळ नेसलं. पनवेलपर्यंत रिक्षा, तिथून उलव्याची बस. खिडकीतून तिला जमीन दिसत नव्हती, नुसते पत्रे आणि पत्र्यांच्या मागून वर आलेले खांब. फ्लॅट तिने वास्तुशांतीला एकदाच बघितला होता. इमारत शोधायला तिला वेळ लागला, सगळ्या सारख्याच.

फाटकात खुर्ची टाकून वॉचमन बसला होता. तिच्या हातातला डबा बघून तो उठलाच.

"आलं का? म्हटलं आज उपास घडतोय."

"घरतांकडं जायचंय," सत्यवती म्हणाली.

"तेच की. द्या इकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगून ठेवलंय, वर आणू नको, तूच खा. त्या वर करतात त्यांचं त्यांचं." त्याने दोन्ही हात पुढे केले होते. "मावशी, तुम्ही तिथं कामाला आहात काय? कोण बनवतं हो हे? सुकट तर एक नंबर. आमच्या लातूरकडे असलं काही नसतं. पहिल्या दिवशी वासानेच मी स्वतःलाच म्हणालो, महादेव, हे आपलं काम नाही. आता सवय लागली बघा."

तिने डबा दिला.

"डबे घासून ठेवतो मी," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ. बघितलंच असेल."

"बघितलं."

वर गेली असती तर भाविकाने दार उघडलं असतं, या आई म्हणाली असती, चहा ठेवला असता. सत्यवतीने मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लहानशी पिशवी कात्रीने कापून चिमटा लावून ठेवलेली दिसत होती. तेलाची असेल, नाहीतर दुधाची. इतक्या खालून वाचता येण्यासारखी नव्हती. त्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता. दुकानातल्या पुडीचा मसाला. तो तिने ओळखला.

"पान्याची बाटली भरून देशील काय रं?" ती महादेवला म्हणाली. त्याने भरून दिली. ती बसथांब्याकडे वळली.

मिक्स मसाला, ५० ग्रॅम. ₹३८.
कोणतीही ऑफर नाही.

घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अंकिताने विचारलं, भेटली का सगळी? सत्यवतीने माजघरात जाऊन बरणीचं फडकं सोडलं.

"आई, काय करताय?"

"पितळी डाव आण."

अंकिताने डाव आणला आणि तिथंच उभी राहिली. तिला कोन गावातल्या सुनांनी सांगितलेलं होतं, बरणी कधी उघडतात आणि कधी उपसतात. सत्यवतीने चहासोबत आलेला प्लास्टिकचा डबा कोरडा पुसला. एक डाव त्यात, एक डाव बरणीत मनातल्या मनात. तिने वजन केलं नाही, पण निम्मं म्हणजे निम्मंच काढलं. हिंगाचे खडेही निम्मे-निम्मे केले. लाल धूळ हवेत उठली, दोघींना शिंका आल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याला निमित्त होतं, म्हणून कुणाला काही बोलावं लागलं नाही.

सकाळी डंपरवर बदली ड्रायव्हर होता. त्याच्याकडे जेवणाचा डबा गेला नाही. तेवढा प्लास्टिकचा गेला, वर चिकटपट्टी मारून. वॉचमनकडे देऊ नको, प्रितमच्याच हातात दे, असं तिने दोनदा सांगितलं.

दुपारी फोन आला.

"आये, मसाला पाठवलास?"

"हां."

"म्हंजे..."

"म्हंजे तेच."

तिकडे कुठेतरी मोठं यंत्र चालू होतं. प्रितम त्यापासून लांब चालत गेला असावा. आवाज बारीक झाला.

"भाविकाने केलं ते मला नंतर कळलं गो आये. मी साईटवरच जेवतो. तुला काय सांगणार व्हतो?"

"तिला बोलू नकोस. तिची चूल हाय ती." मग ती म्हणाली, "तेलाचा डबा महाग व्हता रं. चाळीस रुपयांनी."

"म्हायती हाय."

"कवापासनं?"

"तवापासनंच. पाच पंचे पंचवीस मलाही येतं." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "म्हटलं, चाळीस रुपयांत आई गप राहते. स्वस्त पडतंय."

मग तोच म्हणाला, "रविवारी येऊ ना जेवायला?"

"या की," ती म्हणाली. "सांगून या. किती माणसं ते."

फोन ठेवल्यावर ती बरणीपाशी आली. मसाला निम्म्यावर आला होता. वरची निम्मी बरणी रिकामी होती आणि पावसाळी हवा आत उतरत होती. दोन महिन्यांत बुरशी धरली असती. उरलेला मसाला लहान भांड्यात गळ्यापर्यंत भरायला हवा होता.

तिने फडताळ उघडलं. मग मांडणीच्या खालचं कपाट. मग माळ्यावर अंकिताला चढवलं. वरून एकेक वस्तू खाली येत गेली. वर्षाच्या लोणच्याची बरणी, पंधरा किलोचा तुपाचा पत्र्याचा डबा, लग्नाची पातेली, एकात एक बसलेल्या मोफतच्या बादल्या.

"आई," अंकिता माळ्यावरून म्हणाली, "लहान काहीच नाही."