बिडाचा काटा

सोलापुरात बाळीवेशीच्या पुढं, एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या आवारात शिवलिंगप्पा मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. शेडवर पाटी नव्हती. गरजही नव्हती, कारण ते जे काम करत ते जिल्ह्यात दुसरं कुणी करत नव्हतं आणि ज्यांना ते काम पडे अशी घरं उभ्या जिल्ह्यात तीनच उरली होती.

काम होतं बागेच्या जुन्या ट्रॅक्टरांचं. इंग्रजांच्या काळात एका गिरणीच्या साहेबानं बंगल्याभोवतीच्या बागेसाठी विलायतेहून पाच छोटे ट्रॅक्टर मागवले होते. दोन चाकं, एक सिलिंडर आणि मागं शिंगांसारखे वर आलेले दोन दांडे. त्यावर बसायचं नाही, दांडे धरून मागून चालायचं. मागच्या बाजूला पोलादी पात्यांचा रूळ गरगर फिरे आणि माती पिठासारखी करी. खेड्यातले लोक त्याला रेडा म्हणत. शिवलिंगप्पा तेव्हा विशीतले, गिरणीच्या फिटरखात्यात होते. साहेबानं पाचही रेडे त्यांच्या हवाली केले. पुढं साहेब गेला, बंगला गेला, रेडे लिलावात निघाले. दोन भंगारात गेले आणि तीन बागाईतदारांनी नेले. त्यांतला एक वैरागला गेला, एक माळशिरसला आणि एक नातेपुत्याला.

विलायतेतला तो कारखाना कधीच बुडाला होता. सुटा भाग म्हणून एक चकती मिळत नव्हती. मग शिवलिंगप्पाच चपलेच्या चामड्याच्या चकत्या कापत, पंपाच्या इंजिनाच्या रिंगा घासून घासून बसवत, पितळी नळ्या वाकवून पेट्रोलची वाट मोकळी करत. पिशवीत पाने, हातोडी, कानस आणि दोन कडक भाकरी घेऊन ते एस्टीनं जायचे. अशी पंचवीस वर्षं गेली. हे रेडे चालते ठेवणं हीच आपल्या जन्माची कमाई, असं त्यांना मनोमन वाटे. बायको बसव्वा कधी म्हणे, "तीन मशिनी आन् एक मिस्त्री. आधी कोण मोडतंय बघायचं."

वैरागचा रेडा गुंडोबा गव्हाण्यांचा होता. गुंडोबा सहा वर्षांपूर्वी साप चावून वारले. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको सोनाबाई तेव्हापासून पेरूची बाग एकटी सांभाळी. बागेच्या ओळी इतक्या जवळ की मोठा ट्रॅक्टर आत शिरत नसे. लहान चणीची बैलजोडी होती, तिच्यावर सगळं चाले. रेडा गोठ्यात पोत्याखाली पडून राहिला.

बहात्तरच्या दुष्काळात एक बैल छावणीत मेला आणि दुसरा सोनाबाईंनी विकून टाकला. बागेला मात्र त्यांनी मरू दिलं नाही. तळाला गेलेल्या विहिरीत उतरून, घागरीनं पाणी काढून, झाडाला तांब्या तांब्या घालून त्यांनी दोनशे झाडं जगवली. पुढच्या पावसाळ्यात आभाळ भरभरून बरसलं आणि बागेत छातीएवढं गवत माजलं. बैलांच्या किमती तर गगनाला भिडलेल्या.

आषाढात एके दिवशी सोनाबाई स्वतःच शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, रेडा चालू करून द्या."

"चालवणार कोण? रावजी?" रावजी म्हणजे त्यांचा दीर.

"भावजी म्हनत्यात, बाग तोडा, ज्वारी पेरा. मी चालवनार."

"बाई, ते जड हाय. अंगावर येतंय."

"दुष्काळ आला तवा बी अंगावरच आला की," सोनाबाई म्हणाल्या. "तुमी फकस्त चालू करून द्या. आन् लवकर. पंधरा दिवसांत गवत न्हाय निघालं तर औंदाचा बहार गेला."

शिवलिंगप्पा दुसऱ्याच दिवशी वैरागला गेले. इंजिन दोन दिवसांत बोलतं झालं. पण पात्यांकडची दातेरी चाकांची पेटी उघडली तर आतला काटा मोडलेला. हा काटा म्हणजे दोन बोटांचा चिमटा असावा तसा, वीतभर लांब. इंजिनाची ताकद पात्यांकडं नेणारं एक दातेरी कडं असतं. स्प्रिंग त्या कड्याला सतत पुढं रेटते. दोन शिंगांमधला आखूड दांडा ओढला की काटा ते कडं मागं खेचतो आणि पाती थांबतात. काटाच नसला तर पाती थांबवायची सोय उरत नाही. नातेपुत्याच्या मानसिंग पाटलांच्या रेड्याचाही काटा झिजून पातळ झालेला होता. म्हणजे दोन काटे हवे होते.

काटा पोलादाचाच हवा, हे शिवलिंगप्पांना पुरेपूर ठाऊक होतं. पूर्वी एकदा त्यांनी ट्रकच्या मोडक्या आसाचा तुकडा तापवून, ठोकून, कानशीनं घासून असा काटा घडवला होता. त्याला बारा दिवस लागले होते. तेव्हा त्यांची नजर तेज होती. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि बोटं सकाळच्या वेळी मिटायला तयार नसत. आता एका काट्यालाच महिना गेला असता, आणि सोनाबाईंकडं पंधरा दिवस होते.

त्यांनी लाकडाचा नमुना तासला आणि ओतकामाच्या कारखान्यात नेऊन दिला. एका दुपारी दोन काटे ओतून मिळाले. बिडाचे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसायला दणकट असतं, पण त्याला लवचीकपणा नाही. ते वाकत नाही, काचेसारखं एकदम तुटतं. कारखान्यातला ओतारीसुद्धा म्हणाला, "मिस्त्री, हे कशात घालताय? झटका बसायची जागा असंल तर जपून."

"एक हंगाम निभावला म्हंजे झालं," शिवलिंगप्पा म्हणाले. "उन्हाळ्यात पोलादाचे करतो."

त्यांनी एक काटा वैरागला बसवला आणि दुसरा नातेपुत्याला. काटा बिडाचा आहे हे कुणालाच सांगितलं नाही. का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर सोनाबाई म्हणाल्या असत्या, मग पोलादाचा करा. आणि ते आपल्याच्यानं वेळेत होणार नाही, हे तोंडानं कबूल करावं लागलं असतं.

सोनाबाईंना त्यांनी दोन दिवस शिकवलं. "मागं घेताना आधी हा दांडा ओढायचा. पाती थांबली की मगच रेडा मागं घ्यायचा. चुकून बी उलटं करायचं न्हाय." सोनाबाईंनी पदर खोचला, दांडे धरले आणि पहिल्याच ओळीत रेडा सरळ नेला. बांधावर गावातली माणसं तोंडाला पदर, उपरणी लावून बघत उभी होती. पाच दिवसांत बाग स्वच्छ झाली. भाद्रपदात सोनाबाईंनी एस्टीच्या टपावरून पेरूची पाटी पाठवली. शिवलिंगप्पांनी त्यातला पहिला पेरू बसव्वाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ, आपला रेडा." काट्याचा विचार त्या दिवशी त्यांच्या मनात आला नाही असं नव्हे. आला, आणि त्यांनी तो परतवून लावला.

दसरा दोन दिवसांवर होता. सकाळी रावजी शेडच्या दारात येऊन उभा राहिला. धोतरावर रक्त वाळून काळं झालं होतं.

"मिस्त्री, वैनीला सोलापूरला आनलंय. सरकारी दवाखान्यात."

"काय झालं?"

"काय हुनार? बांधापाशी रेडा मागं घेतला. पाती थांबलीच न्हाईत. पाय गावला आत. गडी धावत गेला, त्यानं पेट्रोल बंद केलं. तवर..." रावजीनं पुढचं हातानंच सांगितलं, गुडघ्याच्या खाली आडवी रेघ ओढून.

शिवलिंगप्पा घरात गेले. बसव्वा चुलीपुढून उठली. "एनातरी?" तिनं कानडीत विचारलं, काय झालं म्हणून. शिवलिंगप्पांनी सदरा घातला, उलटा घातला आणि ते तसेच बाहेर पडले.

दवाखान्यात सोनाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. उजवा पाय गुडघ्याखाली काढला होता. शिवलिंगप्पांची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली.

"आप्पा, तुमी लाख बजावलंत. मलाच घाई झाली. दांडा मी नीट वढला नसनार."

शिवलिंगप्पा खाटेच्या कडेला टेकले.

"तुमी जिवाला लावून घिऊ नगा," त्या म्हणाल्या. मग रावजीकडं बघून, "भावजी, आप्पांना कुनी बोल लावायचा न्हाय. माजा दोष हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पायाशी रावजी होता, शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत होती, परिचारिका औषध घेऊन आली होती. कारणं पुष्कळ होती. शिवलिंगप्पा अर्धा तास बसले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ते वैरागला गेले. रेडा बांधाला तसाच उभा होता. त्यांनी पेटी उघडली. काटा मधोमध तुटला होता. तुटलेला भाग राखाडी, खरखरीत, साखरेच्या खड्यासारखा. सोनाबाईंनी दांडा नीटच ओढला होता.

तिथून ते घरी आलेच नाहीत. मिळेल त्या गाडीनं नातेपुत्याला गेले आणि मानसिंग पाटलांच्या लिंबाच्या बागेत पोचले. रेडा कामावर होता. त्यांनी गड्याला हात करून तो थांबवायला लावला आणि पेटीचे बोल्ट सोडायला लागले.

मानसिंगराव धावत आले. "मिस्त्री, चालतं जनावर कशापायी फाडताय?"

"काटा काढतोय. बिडाचा हाय. वैरागला असाच मोडला, बाईचा पाय गेला."

"हितं मोडलाय का?"

"न्हाय."

"मग?"

शिवलिंगप्पांनी काटा बाहेर काढला. तो अखंड होता. कुठं चीर नाही, झीज नाही. मानसिंगरावांनी तो हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला. "ह्याला काय धाड भरलीया? घाला परत. सणाच्या दिसांत बाग अडवून ठेवताय व्हय?"

शिवलिंगप्पांनी काटा दगडावर ठेवला आणि हातोडीचा एक घाव घातला. काट्याचे दोन तुकडे झाले.

"हातुडीनं मारल्यावर काय बी मोडंल!" मानसिंगराव संतापानं ओरडले. "म्हातारपनी डोकं फिरलंय तुमचं. पुन्यांदा माज्या बागेत पाय ठेवू नगा." गड्यानं पाने, कानस गोळा करून पिशवी रस्त्यावर नेऊन ठेवली. शिवलिंगप्पांनी ती उचलली. आपण एक पाय वाचवला असेल किंवा नसेलही. ते आता कधीच कळणार नव्हतं.

मार्गशीर्षात सोनाबाईंना घरी आणल्याचं कळलं. बसव्वा म्हणाली, "जाऊन सांगून या. तुमाला अन्न गोड लागंना, मला बघवंना." तिला सगळं ठाऊक झालं होतं.

सोनाबाई ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी कुबड्या. बागेतल्या ओळी पुन्हा तणानं भरत चालल्या होत्या. त्यांनी शिवलिंगप्पांना पाहिलं आणि चेहऱ्यावर खरंखुरं समाधान आलं. "या की आप्पा. बसा. च्या टाकायला सांगू का कुनाला?"

शिवलिंगप्पा बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. काटा पोलादाचा हवा होता. बिडाचा घातला. मोडंल हे ठाऊक होतं. डोळा गेलाय, हात चालत नाहीत, हे सांगायची लाज वाटली. दांडा तुमी नीटच वढला होता.

सोनाबाईंनी शेजारची कुबडी ओढून मांडीवर घेतली.

"दवाखान्यात का न्हाय सांगितलं?"

"धीर झाला न्हाय."

"दोन महिनं मी ह्या हाताला शिव्या दिल्या, आप्पा. ह्या उजव्या हाताला." त्यांनी हात पुढं केला. "गावात मान खाली घालून बसले. भावजी म्हनले, बाईमानसाला यंत्र झेपत न्हाय, मी म्हनलं, खरं हाय तुमचं. बाग त्यांच्या हवाली केली. मागल्या आठवड्यात कागदावर अंगठा दिला. ह्या उन्हाळ्यात झाडं तोडनार हायत ते."

"मी रावजीला सांगतो. आत्ता सांगतो. चूक माजी हुती म्हणून..."

"आता काय सांगताय?" सोनाबाईंचा आवाज चढला नाही. "पाय गेला त्याचं मला एवढं न्हाय. मला चालवता येत हुतं, आप्पा. मला येत हुतं. ते तुमी दोन महिनं तुमच्यापाशी ठेवलंत."

शिवलिंगप्पा वाकले. त्यांना पाया पडायचं होतं की नुसतंच खाली बसायचं होतं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सोनाबाईंनी कुबडी आडवी धरली.

"न्हाय. जावा तुमी. मी तुमाला चांगलं मानूस म्हनून वळखत हुते, तेवढं बी आता ऱ्हायलं न्हाय मला."

ते रावजीकडं गेले. रावजीनं शेंगा फोडत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असंल. पन मिस्त्री, कागदावर अंगठा उठलाय."

चैत्रात झाडं तुटली. दोनशे झाडांचं जळण वैरागच्या बाजारात गेलं. सोनाबाई बार्शीला बहिणीकडं राहायला गेल्या, असं एस्टीच्या कंडक्टरानं सांगितलं. शिवलिंगप्पांनी शेडची जागा सोडली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट दिसायला लागलं. बसव्वानं देवापुढं नारळ फोडला. त्यानंतर ते एका पिठाच्या गिरणीत पट्टे बदलायला जात. दोनदा त्यांनी बार्शीची गाडी धरली. पहिल्या खेपेला बहिणीचं घर सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला सापडलं. आतून कुणीतरी विचारलं, "कोन हाय?" आणि त्यांना आपलं नाव सांगता आलं नाही.