बेल्डनचं सकाळचं ऊन

लोकांच्या फोटोखालच्या तारखा दुरुस्त करायची मला वाईट खोड आहे. आमच्या रेल्वेवेड्यांच्या मंडळात कुणी जुन्या गाडीचा फोटो आणला, की मी चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "हे इंजिन एकोणपन्नास साली आयोवात नव्हतंच." माझं कधी चुकत नाही म्हणून मंडळातला डॉयल मला तोंडावर 'पोपमहाराज' म्हणायचा, आणि मनातून मला ते आवडायचं. त्यामुळे ही हकिगत सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

आम्ही अकरा जण, सगळे पिकली पानं. दर शनिवारी दुपारी लूथरन चर्चच्या तळघरात जमायचो. प्रत्येकाने चार फुटांचं एक टेबल घ्यायचं, त्यावर खेळण्यातल्या गाडीचे रूळ टाकायचे आणि आपल्या मनातली एखादी जागा उभी करायची. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात ही सगळी टेबलं एकमेकांना जोडायची आणि त्यांवरून गाडी सोडायची. डॉयलच्या पुलावरून निघालेली मालगाडी माझ्या मक्याच्या शेतातून धडधडत जायची. माझं शेत म्हणजे झाडूच्या काड्याच होत्या. मी खरा फोटोवाला. मॉडेल करायचा हात होता तो व्हर्लिन स्टाउफरचा.

व्हर्लिनने बेल्डनचं स्टेशन करायला घेतलं तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. त्याचे वडील तिथे स्टेशनमास्तर. खाली कचेरी, वर बिऱ्हाड. नऊ वर्षांचा होईपर्यंत व्हर्लिन त्या घरात वाढला. पुढे स्टेशन पाडलं, घरातले फोटो पुरात गेले. उरला तो माझाच एक. अठ्ठावन्न सालचा मार्च, स्टेशनसमोर उभं आठशे आठ नंबरचं इंजिन. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'बेल्डन, उत्तरेकडे पाहताना.' मी त्याला त्याची मोठी प्रत काढून दिली. ती त्याने गॅरेजच्या भिंतीला टाचली आणि काडी काडी जोडून स्टेशन उभं करत राहिला. वरच्या खोलीत आगपेटीएवढी खाटसुद्धा केली. कोणाला दिसणार होती ती?

एके दिवशी तो मला म्हणाला, "अँटन, एक विचारू? माझी खिडकी रुळांकडे होती. बाबा हाक मारायच्या आधी ऊन माझ्या पांघरुणावर यायचं. पण तुझ्या फोटोत स्टेशन रुळांच्या पूर्वेला आहे. म्हणजे खिडकी पश्चिमेला झाली. मग सकाळचं ऊन आलं कुठून?"

"तुझ्या डोक्यातून," मी म्हणालो. "नऊ वर्षांचं पोर होतास तू. फोटो काय खोटं बोलतो का?"

पुढे दोन वर्षं हेच चाललं. तो म्हणायचा, बाबांची कचेरी दारातून शिरल्यावर उजव्या हाताला होती. मी फोटोवर बोट ठेवायचो, "डाव्या. बघ." त्याला जिनाही उलट्या बाजूला आठवायचा. मी हसायचो. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणालो, "व्हर्लिनला घर आठवतंय ते बहुतेक शेजाऱ्यांचं." सगळे हसले. व्हर्लिनही हसला, पण कॉफीचा कप त्याने तसाच खाली ठेवला.

त्याच्या आईने शेवटची चार वर्षं त्याला ओळखलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो.

ऑगस्टमध्ये त्याने आम्हाला सांगितलं, "एवढं प्रदर्शन झालं की मी थांबतो. गाड्या तुम्ही वाटून घ्या. घर विकून मुलीकडे ओमाहाला जातो. डॉक्टरची वेळही घेतली आहे." आणि डोक्यावर बोट टेकवलं. "आईचंही असंच सुरू झालं होतं. अशाच बारीकसारीक गोष्टींपासून."



प्रदर्शनाला चार दिवस होते. प्रत्येक टेबलासमोर माहितीचं कार्ड लावायचं काम अर्थात माझंच. बेल्डनच्या फोटोची वेळ लिहायची म्हणून मी फोटोंची जुनी वही काढली. शिसपेन्सिलीने लिहिलं होतं : 'बेल्डन. तोंड उत्तरेला. सकाळी ८.१०. ऊन उजव्या खांद्यामागून.'

मी फोटो पाहिला. पुन्हा वही पाहिली. फोटोत सिग्नलच्या खांबाची सावली उजवीकडे पडली होती. उत्तरेकडे तोंड केलं की उजवीकडे पूर्व. आणि सकाळी सावली पूर्वेला पडत नाही.

त्या काळी मी स्लाइडची फिल्म घरीच पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचो. चकचकीत बाजू पुढे, मंद बाजू मागे. ही मी उलटी बसवली होती. चाळीस वर्षं बेल्डनचं स्टेशन आरशात दिसावं तसं माझ्या खोक्यात पडून होतं. स्टेशनच्या नावाची पाटी छपराच्या काळोखात, आणि इंजिनाचा नंबर आठशे आठ, जो इंग्रजी आकड्यांत दोन्हीकडून सारखाच दिसतो. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो वही परत कपाटात ठेवायचा. चार दिवसांत स्टेशन काही नव्याने उभं राहत नव्हतं. मग सांगून काय उपयोग? असं मी लिबीला, माझ्या बायकोला, म्हणालो. ती खसखस भरलेले कोलाचे, आमच्याकडचे गोड पाव, थाळीत काढत होती. ती मागेही न वळता म्हणाली, "तो तिकडे स्वतःला वेडा समजून घर विकणार, आणि तू इथे बसून अब्रू सांभाळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हर्लिनच्या गॅरेजमध्ये गेलो. स्लाइड त्याच्या हातात दिली, वही उघडून समोर धरली आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ स्लाइड उजेडाकडे धरून बघत होता. मग त्याने ती फिरवली.

"कचेरी उजव्या हाताला," तो म्हणाला.

"हो."

"जिनाही."

"सगळंच, व्हर्लिन. सगळं तुझंच बरोबर होतं."

तो स्टुलावर बसला. मला वाटलं, आता दोन वर्षांच्या कामाचा राग निघणार. तो रडला. मग बाहीने नाक पुसत म्हणाला, "गाढवा, स्लाइड उलटी बसवलीस तू, आणि डॉक्टरकडे मी निघालो होतो!"

स्टेशन पुन्हा करायला वेळ नव्हता. पण छोटा रस्ता लांब दिसावा म्हणून टेबलाच्या टोकाला आरसा लावणं ही आमच्या छंदातली जुनी युक्ती. मी न्हाणीघरातला आरसा भिंतीवरून काढला. लिबी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आरसा बेल्डनच्या समोर उभा केला आणि कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'कृपया आरशात पाहावे. फोटो उलटा. चूक अँटन ह्रुस्काची.' डॉयलने ते कार्ड सगळ्या तळघराला मोठ्यांदा वाचून दाखवलं. दोनदा.

गाड्या सुटायच्या आधी व्हर्लिनने रुळांच्या बाजूने खिडकीवर उजेड टाकणारा छोटा दिवा लावला. मग मॉडेलकडे पाठ करून तो आरशासमोर वाकला. मीही त्याच्या शेजारी वाकलो. आरशात स्टेशन रुळांच्या पश्चिमेला होतं, खिडकी पूर्वेला. आत, आगपेटीएवढ्या खाटेवर, नखाएवढा पिवळा उजेड पडला होता.

"पांघरुणावर आलं रे," तो हळूच म्हणाला. "आता बाबा हाक मारतील."

डॉयल गाडी सोडायची घाई करत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं.